बाहेर एक जबाबदार माणूस

घरात सॉना कसा आला, हा भाग मी गाळतो. त्यात माझी बाजू लंगडी आहे. एवढंच सांगतो की तो आला, सहा माणसं जेमतेम मावतील अशा, तापवून आत घाम काढत बसायच्या लाकडी खोक्याच्या रूपात आला, आणि बायकोच्या शिवणाच्या खोलीत उभा राहिला. तिचं कापड बेतायचं लांब टेबल पाय दुमडून आमच्या पलंगाखाली गेलं.

बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी मुद्दे काढून ठेवले होते. तिने नुसती अट घातली. महिनाअखेरपर्यंत घरातली चारही माणसं, म्हणजे ती, मी, आमची मुलगी आणि माझी आई, एकदा तरी एकत्र आत बसली पाहिजेत. भिंतीवरचं वाळूचं घड्याळ उलटं केल्यापासून रिकामं होईपर्यंत, म्हणजे पंधरा मिनिटं. मध्ये कोणी उठायचं नाही. जमलं तर सॉना राहील. नाही जमलं तर एक तारखेला खोकं बाहेर आणि टेबल आत.

मी हसलो. बसण्याची अट कोणी घालतं का? पळायची घालतात, उपासाची घालतात. मी लगेच हो म्हणून टाकलं आणि पुढचा महिनाभर त्या हसण्याची भरपाई केली.

इथे माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, मी एका कारखान्यात चौदा वर्षं सुरक्षा अधिकारी आहे. माझ्या कारकिर्दीत एकाही कामगाराचं बोट गेलेलं नाही. एकाचं अर्धं नख गेलं, पण ते जेवणाच्या सुट्टीत आणि फाटकाच्या बाहेर. दुसरी गोष्ट, मला स्वस्थ बसता येत नाही. खुर्चीत बसलो तरी माझा उजवा गुडघा हलत असतो, इतका की सिनेमागृहात पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात. जेवताना मी गॅस बंद आहे का ते बघायला एकदा आणि दार लावलंय का ते बघायला एकदा उठतो. पाहुणे आले की त्यांच्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय का ते वाकून तपासतो. याला लोक चंचलपणा म्हणतात. मी दक्षता म्हणतो.

तर सॉना उभा राहिला त्याच दिवशी मी नियम लिहायला बसलो. बसलो म्हणजे उभ्यानेच लिहिले. तेवीस नियम झाले. आत जाण्याआधी अंग धुवावं. बाकावर पंचा टाकूनच बसावं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं आणि त्याला कडी नसावी. जेवण झाल्याझाल्या बसू नये. आधी आणि नंतर पाणी प्यावं. हीटरवर कपडे वाळत घालू नयेत. आईने डॉक्टरांना विचारून, खालच्या बाकावर, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. चक्कर आल्यास, मळमळल्यास वा उगाच हसू आल्यास त्वरित बाहेर यावं. आणि या सगळ्यांच्या वर, लाल अक्षरात, नियम क्रमांक एक: आत कोणीही असताना बाहेर एक जबाबदार माणूस असलाच पाहिजे.

जबाबदार माणूस म्हणजे कोण, ते मी लिहिलं नाही. घरात त्याबद्दल कोणाला शंका नव्हती.

नियमांना प्लॅस्टिकचं आवरण करून आणलं आणि फलक आतल्या भिंतीवर लावला. पहिल्याच दिवशी उष्णतेने त्याची वळकटी झाली आणि तो आईच्या मांडीवर पडला. आई म्हणाली, एवढं लिहिलंयस तर वाचून तरी दाखव. मग मी तो बाहेर लावला. त्यामुळे तो फक्त बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाचता येऊ लागला, आणि बाहेर मीच असायचो.

नोंदवहीही ठेवली. नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ आणि शेवटी शेरा. ती वही मी सुरुवातीला आतच टांगली होती, पण शाईचं पेन गरम होऊन गळलं आणि मुलगी निळ्या हातांनी कॉलेजला गेली. तेव्हापासून वही बाहेर, सोबत दोरीने बांधलेली पेन्सिल. शेरे मी स्वतः लिहायचो. आईपुढे, 'प्रकृती ठीक. स्वभाव नेहमीचा.' मुलीपुढे, 'मोबाईल आत नेण्याचा प्रयत्न.' बायकोपुढे, 'घाम समाधानकारक. पुन्हा बसवण्यास हरकत नाही.' हा शेवटचा शेरा तिने दोनदा वाचला.

पहिल्या आठवड्यात तिघी नियमित बसल्या. मी दाराशी. दाराला छोटी काच आहे, पण काचेतून माणसाचा रंग नीट कळत नाही. म्हणून मी दर दोन मिनिटांनी दार उघडून सगळं ठीक आहे ना, असं विचारायचो. परिणामी पारा पन्नासच्या पुढे जाईना. आईने एकदा शाल मागवली. "घाम यायचाय की वारा यायचाय, ते एकदा ठरव," ती म्हणाली. मी मध्येच आत जाऊन तापमापक बघायचो, पाण्याची बादली सरळ करायचो, बाहेर यायचो. हेही वहीत लिहायचो. नोंद ती नोंद.

आता अनुभवींची ओळख करून द्यायची वेळ आली. हे खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव असा' इथून सुरू होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना अनुभवी म्हणते. सॉनाचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता, पण त्यामुळे ते कधी अडले आहेत असं मी पाहिलेलं नाही. त्यांनी खोकं बाहेरून बघितलं, आतून बघितलं, टिचकी मारून बघितलं आणि सांगितलं की घामाने बाक काळे पडणार. माझा अनुभव असा, की लाकडाला व्हार्निश लागतंच. दोन हात मारा, दहा वर्षं बघायला नको.

मी रविवारी दोन हात मारले. बाक असे चमकले की मुलीने त्यात केस विंचरले. दोन दिवस वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी सॉना तापवला, वास आला म्हणून तिघींना बाहेर ठेवलं आणि तपासणीसाठी एकटाच आत जाऊन वरच्या बाकावर बसलो. उठायला गेलो तर उठता येईना. व्हार्निश मऊ झालं होतं आणि माझी अर्धी चड्डी त्याने धरून ठेवली होती. तो माझा तोवरचा सर्वांत दीर्घ मुक्काम ठरला. चार मिनिटं. शेवटी मी चड्डी तिथेच सोडून पंचा गुंडाळून बाहेर आलो. बाहेर अनुभवी उभे होते. लाकूड फार तापलं असणार, असं त्यांचं मत पडलं.

त्यानंतर मुलीने माहितीपुस्तिका उघडली. मी ती उघडली नव्हती, कारण माझे स्वतःचे तेवीस नियम होते. सातव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की आतल्या लाकडाला रंग किंवा व्हार्निश कधीही लावू नये. कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने घासावं, डाग पडला तर हलका पॉलिशपेपर मारावा आणि वापर झाल्यावर दार उघडं ठेवून वाळू द्यावं. "बाबा, तुमच्या तेवीसमध्ये हे एकही नाही," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की हे देखभालीत येतं, सुरक्षेत नाही.

पुढचे आठ दिवस मी पॉलिशपेपर मारला. कामावरून आलो की मारायचो, सकाळी दात घासायच्या आधी मारायचो. घरभर लाकडाची पिठी बसली. बायको रोज कपडे झटकायची. महिन्याचे अकरा दिवस उरले होते. रोज वाटायचं की आज बसू, पण आज बसायच्या आधी काहीतरी करायचं राहिलेलंच असायचं.

हीटरवरचे दगडही काढून धुवावे, असं त्याच भरात मला वाटलं. वाटलं म्हणजे काढलेच. ओळीने मांडून ठेवले होते तेवढ्यात अनुभवी आले. हे दगड मेलेले आहेत, असं त्यांनी निदान केलं. माझा अनुभव असा, की नदीकाठचा गोल गुळगुळीत दगड उष्णता धरतो. व्हार्निशचा डाग अजून माझ्या मांडीवर होता, तरीही मी पिशवी घेऊन नदीवर गेलो. का गेलो, हे मला विचारू नका. घरी बसून पुस्तिका वाचण्यापेक्षा नदीवर जाणं मला नेहमीच सोपं वाटत आलं आहे.

नदीचा दगड आतून ओला असतो, हे पुस्तिकेच्या नवव्या पानावर आहे. सॉना तापवल्यावर विसाव्या मिनिटाला पहिला दगड फुटला. त्याच्यामागून आणखी दोन. आत कोणी नव्हतं, कारण तापत असताना आत जायचं नाही, हा माझा नियम क्रमांक चार. याचं श्रेय मला आजवर कोणी दिलेलं नाही. पण आवाज असा झाला की चारही मजले जिन्यात आले. इमारतीच्या सेक्रेटरींनी त्याच दिवशी वीज कार्यालयाला लेखी कळवलं की आमच्या घरात भट्टी चालते. दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि सॉनाच्या स्विचवर कागदी सील चिकटवून गेला. परवानगी घ्या, मग चालवा, असा निरोप होता.

मी अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेलो. तिसऱ्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दिला. त्यात उपकरणाचा प्रकार निवडायचा होता. पाणी तापवायचं यंत्र, खोली तापवायचं यंत्र, पंप, भट्टी वगैरे. सॉना नव्हता. मी खोली तापवायचं यंत्र यावर खूण केली. कारकून म्हणाला, ते तीस अंशांपर्यंत. मी भट्टीवर केली. त्याने विचारलं, आत माणसं असतात का. मी म्हटलं, असतात. जिवंत? मी म्हटलं, मी चौदा वर्षं सुरक्षा अधिकारी आहे. मग भट्टीत घेता येणार नाही, असं तो म्हणाला आणि पानं उलटत राहिला. त्याला माझी खरोखर मदत करायची होती, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. शेवटी त्याला जागा सापडली. बंदिस्त पेटी, लाकडी, आत नियंत्रित उष्णता आणि सजीव: अंडी उबवण्याचे यंत्र, घरगुती. मी सही केली. मागे रांगेत नऊ माणसं होती आणि त्या नऊही माणसांनी माझा अर्ज वाचला होता.

निरीक्षकांची तारीख मिळाली महिन्याच्या शेवटच्या दिवसाची, सकाळी अकराची.

दगडांचं काम त्या आठवड्यात सरळ झालं. जुनेच दगड, जे मेलेले नव्हतेच, मुलीने पुस्तिकेबरहुकूम मधून हवा खेळेल असे सैल रचले आणि मला हात लावू दिला नाही. उरलेले दिवस मी सील लावलेल्या स्विचसमोर येरझारा घातल्या. तीन दिवस उरले असताना नाश्त्याच्या वेळी मुलगी नोंदवही चाळत होती. एकाएकी तिने विचारलं, "बाबा, आईची अट चौघांनी आत बसायची. तुमचा नियम एक, बाहेर एक जबाबदार माणूस. घरात माणसं चार. मग हे होणार कसं?"

मी घास ताटात परत ठेवला. महिनाभर मी त्या फलकासमोर उभा होतो, तो एकटाच वाचत होतो, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे बघत होती. तिच्या लक्षात पहिल्या दिवसापासून आलं असावं. नियम रद्द करा, असं ती म्हणाली असती तर मी लढलो असतो. ती उठली, शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि आतल्या खोलीत मापं घ्यायला गेली.

मुलगी तोवर वहीतली बेरीज करत होती. आजी, एक तास चाळीस मिनिटं. आई, दीड तास. ती स्वतः, सव्वा तास. बाबा, अकरा मिनिटं, एकूण आठ हप्त्यांत, पैकी चार मिनिटं व्हार्निशमुळे. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला इतकं लागलं नसतं. वही मीच सुरू केली होती आणि प्रत्येक नोंद माझ्याच अक्षरात होती, त्यामुळे कोणाला खोटंही ठरवता येईना.

बाहेर उभं राहायला माणूस शोधणं आलं. इमारतीत मोकळे आणि तयार असे एकच होते. शेवटच्या दिवशी साडेदहाला मी अनुभवींना खुर्ची दिली, तेवीस नियम दाखवले आणि काचेतून फक्त बघायचं, दार उघडायचं नाही, असं तीनदा सांगितलं. ते म्हणाले की त्यांनी एकदा रात्रपाळीचा पहारेकरी बघितलेला आहे.

अकराला निरीक्षक आले. उंच, वाकून चालणारे, दर चार पावलांनी कमरेवर हात ठेवणारे. दिवसभर लोकांचे जिने चढून त्यांची कंबर गेली होती. त्यांनी अर्ज उघडून विचारलं, अंडी किती? मी खुलासा केला. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली, वायरची जाडी पाहिली, अर्थिंग तपासलं, खालचा आणि वरचा झरोका हात लावून बघितला, दार कडीविना बाहेर उघडतं हे दोनदा बघितलं आणि म्हणाले की इतकं नीट काम फार कमी घरांत दिसतं. महिनाभरात माझ्याबद्दल निघालेलं ते पहिलं चांगलं वाक्य. मी बायकोकडे पाहिलं, पण ती पंचे काढत होती. निरीक्षकांनी सील फाडलं. आता पूर्ण भाराखाली चाचणी, म्हणजे तापवून, सजीव आत ठेवून, पंधरा मिनिटं.

चाळीस मिनिटांनी पारा सत्तरला टेकला. आम्ही चौघं आत गेलो. आई खालच्या बाकावर, तिच्या शेजारी बायको, वर मुलगी आणि मी. मुलीने वाळूचं घड्याळ उलटं केलं. माझा गुडघा हलायला लागला. काचेत अनुभवींचा चेहरा होता. एक मिनिट गेलं आणि दार उघडलं. तापमापक जवळून बघायला निरीक्षक आत आले. बघता बघता त्यांचा हात कमरेवर गेला, चेहरा सैल झाला आणि दोन मिनिटं टेकू का, असं विचारून, बूट-पट्टा बाहेर ठेवून ते बाकावर टेकले. मी तशातही रक्तदाब विचारून घेतला. त्यांच्यामागून अनुभवी. एवढी माणसं आत असताना एकट्याने बाहेर बसणं त्यांना अनुभवाला धरून वाटेना.

म्हणजे सहा माणसं आत आणि बाहेर कोणी नाही. मी विचार केला नाही. पाय आपोआप उठले. पुढच्या क्षणी मी दाराबाहेर होतो, फलकासमोर, माझ्या नेहमीच्या जागी.

काचेतून मी आत पाहिलं. अनुभवी काहीतरी सांगत होते, आई हसत होती, निरीक्षकांनी डोळे मिटले होते. सगळे सुरक्षित होते. मला एकदम फार वाईट वाटलं. सॉना गेला म्हणून नाही. असं काचेतून घरच्यांकडे बघायची मला किती सवय झाली आहे, ते तेव्हा कळलं.

दार उघडून बायको बाहेर आली. पंच्याने तोंड पुसलं आणि खुर्चीवर बसली.

"जा आत," ती म्हणाली.

मी म्हटलं, आता काय उपयोग, अट चौघांची होती.

"अट मी घातली होती. आम्ही तिघी बसणारच, हे मला ठाऊक होतं. राहिला कोण?" तिने दोरीची पेन्सिल हातात घेतली. "बाहेर मी आहे. जबाबदार आहे की नाही, ते तुम्हीच सांगा."

मी आत गेलो. बायकोने बाहेरून खूण केली आणि मुलीने घड्याळ पुन्हा उलटं केलं. आईने आपल्या शेजारची जागा थोपटली.

पहिली तीन मिनिटं माझ्या डोक्यात गॅस, दार, वायर आणि खुर्चीचा पाय असं सगळं फिरून आलं. गुडघा हलतच होता. आईने त्यावर हात ठेवला. "लहानपणी ताटावरून उठून दाराची कडी बघायला जायचास," ती म्हणाली. "तुझे बाबा रात्रपाळीला असायचे ना. मी कधी रागावले नाही. पण आता ते दार बघणारं माणूस आहे." तिने हात काढला नाही. वाळू पडत होती. निरीक्षक हळूच घोरत होते. अनुभवी गप्प होते, जे इमारतीच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. कधीतरी माझ्या लक्षात आलं की गुडघा थांबलाय, पण कधी थांबला ते नोंदवायचं राहून गेलं.

मुलीने हाक मारली तेव्हा घड्याळ रिकामं होतं. आम्ही एकेक बाहेर आलो, पाणी प्यायलो. निरीक्षकांनी अंडी उबवण्याच्या यंत्राला मंजुरी दिली आणि पुन्हा तपासणीला येईन म्हणाले, तेही सरळ कमरेने.

बायको टेप घेऊन टेबलाची मापं मला दाखवू लागली. टेबल शिवणाच्या खोलीत परत जाणार नव्हतं. त्या दिवशी आतल्या खोलीत तिने माप घेतलं होतं ते माझ्या हत्यारांच्या कपाटाच्या भिंतीचं. कपाट उद्या अनुभवींकडे जाणार, हेही ठरलं होतं. मी तोंड उघडलं, पण अंगात वाद घालण्याइतका ताठपणाच उरला नव्हता.

मग सवयीने वही उघडली. शेवटच्या ओळीत माझं नाव होतं, आत गेल्याची वेळ होती, बाहेर आल्याची वेळ होती. शेरा माझ्या अक्षरात नव्हता.

'शांत बसले. पुन्हा बसवण्यास हरकत नाही.'